साडेतीन रिश्टरची गिटार

माझ्या हातात पेचकस आला की बिघडलेली वस्तू घाबरून आपोआप नीट होते, असं आमच्या गल्लीत बोललं जायचं. बोलणारा मुख्यतः मीच होतो, पण ते खोटं नव्हतं. कुकरची शिट्टी, शेजारच्या शिवप्पांचा पाण्याचा पंप, क्लासमधला खरखरणारा माइक, सगळं मी जागेवर बसून दुरुस्त केलेलं आहे. शेवटी मी फिजिक्सचा मास्तर. लातुरात तेव्हा क्लासचं पीक असं तरारून आलं होतं की एका घराआड एक पाटी. देवणी, नायगाव, शिरूर अनंतपाळहून पोरं ट्रंका घेऊन यायची आणि "रेणुकादास सर कुठं राहतात" म्हणून विचारत माझ्या दारात उभी राहायची. ज्यानं अख्ख्या तालुक्यांना तरफ आणि मळसूत्र शिकवलं, त्याला गिटारच्या तारा पिळायच्या चार चाव्या जड जाव्यात का?

चार नाही, सहा असतात. तेही मला त्याच दिवशी कळलं.

भूकंपानंतरचा तो पहिलाच हिवाळा. जमीन अजून थाऱ्यावर आली नव्हती, मधूनच गुरगुरायची. थंडी पडली तरी लोक अंगणात बाजा टाकून झोपत होते. माझा क्लाससुद्धा अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा, कारण पालक पहिल्याच दिवशी बजावून जायचे, "सर, पोराला मारा, झोडा, पण स्लॅबखाली बसवू नका." माझी बायको चंद्रप्रभा दाराला कडी म्हणून लावत नव्हती. पळायला उशीर नको.

अशा दिवसांत माझी धाकटी बहीण मनस्विनी हिचं लग्न नांदेडच्या गंधारशी ठरलं. मुलगा पॉलिटेक्निकात शिकवायचा आणि गिटार वाजवायचा. साखरपुडा तोंडावर आला होता, आणि त्याच सुमारास लातुरात एक गाण्याचा कार्यक्रम ठरला. भूकंपात घरदार गेलेल्या पोरांच्या वसतिगृहासाठी. गंधार त्यात एकटा गिटार वाजवणार होता. कार्यक्रम बंद सभागृहात होता, आणि खरी गोम तीच होती. भूकंपानंतर लातूरकर पहिल्यांदाच एवढ्या संख्येनं एका छताखाली बसणार होते. संयोजक हनुमंतराव दारोदार फिरून, हातापाया पडून लोकांना राजी करत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी, रविवारी दुपारी, गंधार नांदेडहून थेट आमच्याकडे आला. जेवण झालं, आणि गिटार मांडीवर घेऊन तो तारा जुळवायला लागला. एक तार लावली की दुसरी ढिली पडायची.

"चाव्या झिजल्यात," तो म्हणाला. "आतल्या चाकाचे दातेच गेलेत. नवीन सेट आणलाय, पण बसवायला वेळच मिळाला नाही."

"दाखवा," मी म्हणालो.

त्यानं पिशवीतून डबी काढली. आत चकचकीत चाव्या, बारके स्क्रू, भोकात बसवायच्या पितळी कड्या. मला एकदम मोहच पडला.

"तुम्ही हॉलवर जाऊन या. तोवर बसवून ठेवतो."

"दादा, राहू द्या. हैदराबादेत एक जण आहे, तो करून देईल. आजचा दिवस जुन्यांवर निभेल कसातरी. नवीन चाव्यांचे दांडे जाड आहेत. भोकं हातानं मोठी करावी लागतात, गोल कानशीनं, सावकाश."

"मग सावकाश करतो की."

तो हसला. होणाऱ्या मेहुण्याला नाही कसं म्हणायचं हे पॉलिटेक्निकात शिकवत नसावेत. "तुम्हाला उगाच त्रास," एवढं पुटपुटून तो हनुमंतरावांच्या स्कूटरवर बसून हॉलकडे गेला.

आता आपल्याकडे "उगाच त्रास" याचा अर्थ "करा" असाच होतो ना?

"ते नको म्हणून गेलेत," चंद्रप्रभा म्हणाली.

"संकोचानं म्हणाले."

"कशानं का म्हणेनात. नको म्हणजे नकोच असतंय."

मी जेवणाचं टेबल पुसलं, वर गोधडी अंथरली, गिटार उताणी निजवली. तिचं डोकं टेबलाच्या कडेबाहेर काढलं. अगदी पद्धतशीर. तारा आधी ढिल्या कराव्यात हेही मला ठाऊक होतं. पाच तारा सुतासारख्या आल्या. सहावीची चावी मात्र अडकून बसली, इकडं फिरेना की तिकडं. मी म्हणालो, तार तर नाहीतरी बदलायचीच आहे. पकड घेतली आणि ताणलेली तार कचकन तोडली.

सुंईऽ असा आवाज झाला. काहीतरी माझ्या गालाला चाटून गेलं आणि चष्म्याच्या काचेवर टिच्च वाजलं. मी चष्मा काढून पाहिला. काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा. चष्मा नसता तर त्या ओरखड्याच्या जागी माझा डोळा होता.

चंद्रप्रभानं नुसतं शेजारच्या खोलीतून माझा जुना चष्मा आणून दिला. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण तारा तर निघाल्या होत्या, म्हणून जुन्या चाव्याही काढून टाकल्या. गिटारच्या डोक्याला सहा भोकं, आणि नव्या चावीचा दांडा एकाही भोकात जाईना. कानस शोधली. माझ्याकडची गोल कानस अंगठ्याएवढी जाड. गंधार तर संध्याकाळी वाजवणार. मी शेजारी जाऊन शिवप्पांचं ड्रिल मशीन मागून आणलं. शिवप्पांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं आणि ते मशीन चांगलं दांडगं होतं, बोअरच्या मोटारीचे पाय बसवायला वापरायचे ते.

"कशाला पायजे सर?" त्यांनी विचारलं.

"जरा नाजूक काम आहे."

शिवप्पांनी मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दिलं.

मशीनचा जोर मोठा, म्हणून टेबल हलू नये यासाठी मी ते सरकवून भिंतीला घट्ट टेकवलं. ही भिंत आमची आणि शिवप्पांची सामाईक. आमच्या बाजूनं तिच्यावर चंद्रप्रभाची ताटं-वाट्यांची मांडणी, पलीकडून शिवप्पांच्या बायकोची, नागुबाईंची. हे मी तेव्हा लक्षात घेतलं नाही. गिटारचं डोकं क्लासमधल्या लोखंडी क्लॅम्पनं आवळलं, ड्रिल भोकावर धरलं, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

लाकूड शिसवीसारखं कठीण निघालं. ड्रिल आत गेलं, अडकलं आणि थरथरायला लागलं. गिटारचं पोट असं घुमू लागलं की खोलीत एखादा बैल हंबरतोय. मी आणखी जोर लावला. मांडणीतली ताटं खणखणू लागली. फुलपात्रं नाचत नाचत कडेला आली आणि एक एक करून खाली पडली. डोक्यावरचा बल्ब डोलायला लागला. फरशी तळपायाला झिणझिणत होती.

आणि पलीकडून नागुबाईंचा आवाज आला, "हाललं गं माय! हाललं! भायेर निघा समदे!"

ज्यानं त्या वर्षी लातुरात ही हाक ऐकली आहे त्याला मी काय सांगू? डोकं चालतच नाही, पायच चालतात. शेडमधली माझी जादा तासाची पोरं बाकं उलथवून रस्त्यावर. समोरच्या वसतिगृहातल्या पोरी ओल्या केसांनी रस्त्यावर. म्हातारी माणसं, कडेवरची लेकरं, सगळी गल्ली रस्त्यावर. आणि मीही. पायाखालची फरशी हलताना मी स्वतः अनुभवली होती. मी क्लॅम्प ओढून काढला, गिटार उराशी धरली आणि धूम पळालो.

रस्त्यावर आलो तेव्हा चंद्रप्रभा माझ्यासमोर उभी होती. तिनं गिटारकडं पाहिलं.

"मनू कुठंय?"

मी गिटार घेऊन पळालो होतो. बहीण घरात होती.

"मने!" मी ओरडलो. घराकडं वळलो तर शिवप्पांनी दंड धरला. "सर, आत जाऊ नका. दुसरा झटका येतंय कधीकधी." चंद्रप्रभा मात्र कुणाचं न ऐकता आत शिरली. त्या वेळात मी जे काही देवाला कबूल केलं ते इथं सांगत नाही. घर उभं होतं. दार उघडं होतं. आतून काहीच ऐकू येत नव्हतं.

मग दोघी बाहेर आल्या. मनस्विनीच्या खांद्यावर टॉवेल होता.

"मी गच्चीवर केस वाळवत होते," ती म्हणाली. "झालं काय? मला तर काहीच हाललेलं जाणवलं नाही."

"गच्चीवर कळत न्हाई बाई," नागुबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "माझी समदी भांडी पडली की."

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच मी पुन्हा मास्तर झालो. पोरं भोवती जमली होती. "सर, किती असंल हो?" शिवप्पांनी विचारलं.

मी आकाशाकडं पाहिलं, डोळे बारीक केले. "साडेतीन," मी म्हणालो. "फार तर पावणेचार. केंद्र जवळच असणार."

"सरांनी सांगितलं, साडेतीन," मागं बातमी गेली. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ती साडेचार झाली होती आणि केंद्र देवणीला सरकलं होतं. देवणीचा एक पोरगा रडत एसटी स्टँडच्या दिशेनं निघाला, त्याला चौघांनी धरून आणलं. वसतिगृहातल्या पोरींनी ट्रंका बाहेर काढल्या. कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या दुकानासमोर रांग लागली.

मनस्विनी मात्र माझ्याकडं टक लावून बघत होती. माझ्याकडं म्हणजे गिटारकडं. गिटारच्या डोक्यात ड्रिल मशीन रुतलेलं होतं आणि त्याची वायर माझ्या पायात लोळत होती.

"दादा," ती हळूच म्हणाली, "भूकंप झाला तेव्हा हे चालू होतं का?"

मी वायरकडं पाहिलं. टेबल, भिंत, मांडणी. दोन्हीकडच्या मांडण्या. अनुनादाचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो, तो मला त्या क्षणी पहिल्यांदा समजला.

"कुणाला बोलू नकोस," मी म्हणालो.

तेवढ्यात हनुमंतरावांची स्कूटर आली. मागं गंधार. हनुमंतरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सर, इकडं लई मोठा झाला म्हणं? हॉलवर खबर आली. खुर्च्या मांडणारी पोरंसुद्धा सोडून चाललीत. बाया तर म्हणायल्यात, आता छताखाली पाय ठेवणार न्हाई. कमिटी कार्यक्रम रद्द करायला बसलीय." त्यांचा आवाज चिरकला. "महिनाभर फिरलो हो. एकेका घरी जाऊन सांगितलं, भिऊ नका म्हणून. आता पुन्हा कोण येणार?"

गंधारनं माझ्या हातातली गिटार पाहिली. मग ड्रिल पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकं काही येऊन गेलं की मला एकेक वेगळं ओळखता आलं नाही. पण संस्कार मोठी गोष्ट.

"बसवून झाल्या का दादा?" त्यानं विचारलं.

मी हनुमंतरावांकडं पाहिलं. लग्न मोडलं तर मोडलं, क्लास बुडाला तर बुडाला. मी शिवप्पांच्या ओट्यावर चढलो आणि मोठ्यानं सांगितलं, "ऐका. भूकंप झालेला नाही. मी घरात ड्रिल चालवत होतो. भिंत त्यानं हादरली."

मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "सर भला माणूस. लोकांना धीर द्यायला स्वतःवर घ्यायलेत."

"अहो, खरंच ड्रिल होतं."

"आन साडेतीन कोण म्हणलं?" मागून आवाज आला.

मी वायर गुंडाळायला लागलो.

"मशीन चालवून दाखवा की मग," शिवप्पा म्हणाले. "ही घ्या फळी."

आम्ही ड्रिल गिटारमधून सोडवलं. गल्लीतली धीट माणसं दारा-खिडक्यांत उभी राहिली, नागुबाई पलीकडं आपल्या मांडणीपाशी. मी टेबलावर फळी ठेवून भोक पाडलं. आंब्याची मऊ फळी, ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं. एक वाटीसुद्धा वाजली नाही.

"बघा," म्हातारे गृहस्थ म्हणाले. "भूकंपच होता."

खिडकीतले चेहरे मागं सरकले. हनुमंतराव खाली बसले.

"फळीनं होणार नाही," मी म्हणालो. "कठीण लाकूड पाहिजे आणि खाली पोकळ पेटी पाहिजे. म्हणजे..."

म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. गंधारच्या हातात गिटार होती. पहिल्या भोकाच्या कडा कुत्र्यानं चावल्यासारख्या झाल्या होत्या, बाकीची पाच भोकं अजून धड होती. त्यानं मनस्विनीकडं पाहिलं.

"तुमची आहे," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तर नको. मी सांगते सगळ्यांना."

त्यानं गिटारच्या डोक्यावरून बोट फिरवलं. मग ती गोधडीवर ठेवली आणि तिचं डोकं स्वतःच्या दोन्ही हातांनी धरलं.

"एकच भोक, दादा. मी थांबा म्हटलं की थांबायचं."

ड्रिल जरा सरकलं असतं तर त्याच्या बोटांतून गेलं असतं, आणि बोटं म्हणजे त्याचं सगळं होतं. मी श्वास रोखून बटण दाबलं. ड्रिल शिरलं, अडकलं, थरथरलं. गिटार हंबरली. मांडणी खणखणली, बल्ब डोलला, आणि भिंतीपलीकडून नागुबाई ओरडल्या, "हेच! हेच होतं गं माय! माझी ताटं हाललीत!"

"थांबा," गंधार म्हणाला. मी थांबलो. त्या शांततेत कट् असा बारीक आवाज आला. दोन भोकांच्या मधे केसासारखी चीर गेली होती.

बाहेर मात्र कुणीतरी हसलं. मग दुसरं. मग सगळी गल्ली. इतक्या दिवसांनी गल्लीतलं हसणं ऐकलं आणि ते माझ्यावर होतं याचंही मला वाईट वाटलं नाही. हनुमंतराव स्कूटरला किक मारत ओरडले, "मी हॉलवर सांगतो, सरच होते म्हणून." आणि त्यांनी खरोखर सांगितलं. माइकवरून.

पुढचं काम मला करू दिलं नाही. चंद्रप्रभानं मला दाराजवळ स्टुलावर बसवलं. शिवप्पांनी दुकानातून बारीक गोल कानस आणली. गंधार एकेक भोक हातानं घासत होता, मधूनमधून दांडा घालून बघत होता. चिरेत त्यानं गोंद भरून दोरा आवळला. मनस्विनीनं स्क्रूंना साबण चोळून दिला, म्हणजे ते लाकूड न फाडता आत जातात. दोघं हळू आवाजात बोलत होती. एकदा ती हसलीही. मी चोरून उठून बघायला गेलो तर दोघं एकदम म्हणाली, "दादा, बसा."

चावलेल्या भोकात चावी बसलीच नाही. पाच तारांवर कार्यक्रम करायचा ठरलं.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. अर्धे लोक गाणं ऐकायला आले होते, अर्धे मला बघायला. गंधार स्टेजवर आला, खुर्चीत बसला, नव्या चाव्या अलगद पिळून तारा जुळवल्या आणि वाजवायला लागला. पाच तारांचं ते वाजवणं मला काय कळणार, पण मनस्विनी डोळे मिटून ऐकत होती, त्यावरून चांगलं असावं. लोक दारांकडं बघायचे थांबले. छताकडं बघायचे थांबले.

आणि मधेच खुर्ची हलली.

आधी वाटलं, मागचा कुणीतरी पाय हलवतोय. मग जमिनीतून ती ओळखीची गुरगुर आली. छताचे दिवे डोलायला लागले. माइकचा दांडा थरथरला. हा माझा नव्हता. हा खरा होता. चंद्रप्रभानं माझा हात घट्ट धरला. शेकडो माणसं, मोजकी दारं. आता उठतील, आता चेंगराचेंगरी होईल, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

कुणीच उठलं नाही.

डोळे उघडले तर सगळं सभागृह वळून माझ्याकडं बघत होतं. पुढच्या रांगेतून नागुबाईंनी मान मागं केली आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "सर, बास करा आता. गाणं ऐकू द्या की."

मी दोन्ही हात वर करून दाखवले. रिकामे होते. तरी चंद्रप्रभानं माझे खिसे चाचपून बघितले.